बंद खोलीतला गारवा

कारखान्यांत हवा कशी खेळवायची, हे सांगून माझं घर चालतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये मी एक्झॉस्ट पंखे बसवतो आणि मालकांना ऐकवतो, "साहेब, हवा नुसती आत घेऊन भागत नाही, तिला बाहेर जायलाही वाट द्या." लोका सांगे ब्रह्मज्ञान! डोंबिवलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी बाल्कनी आत घेतली, काचा लावल्या, पाणी गळतं म्हणून त्या सिलिकॉनने चिकटवून टाकल्या. बाबांच्या खोलीत एसी बसवला आणि थंड हवा निसटू नये म्हणून वरच्या झडपाही थर्माकोलने बुजवल्या.

बाबांना हे पटलं नव्हतं. कल्याणच्या चाळीत उभा जन्म दार सताड उघडं ठेवून राहिलेला माणूस. तिथे गॅलरीतून वारा शिरायचा आणि मागच्या खिडकीतून निघून जायचा. इथेही ते दुपारी दार उघडायचे आणि मी खेकसायचो, "एसी चालू असताना दार कोण उघडं ठेवतं?" हळूहळू त्यांनी ते सोडलं. वय शहात्तर, हृदय कमजोर. मला वाटायचं, मी त्यांना सुखात ठेवलंय.

मे महिन्यातली दुपार होती. हवा इतकी दमट की घाम वाळतच नव्हता. मी शिडीवर असताना बाबांचा फोन आला, "लाइट गेली रे."

"येईल पाच मिनिटांत. खोलीचं दार उघडू नका हां, गारवा जाईल," म्हणालो आणि फोन खाली पिशवीत टाकून पुन्हा शिडी चढलो. आमच्या बिल्डिंगचा हा ठरलेलाच उपाय. लाइट गेली की एसीच्या खोलीत दडून बसायचं आणि उरलेली थंडी पुरवून वापरायची.

दोन तासांनी खाली उतरलो तर बाबांचे चार मिस्ड कॉल. मी लावला, त्यांनी उचलला नाही. शेजारच्या काकूंना फोन केला.

"लाइट? अरे, अजून कुठे आलीय! ट्रान्सफॉर्मर उडालाय म्हणे."

काम तसंच टाकून मी बाइक काढली. काचा बंद, झडपा बंद, दार बंद, पश्चिमेची भिंत तापलेली आणि आत एक म्हातारा माणूस. अशा खोलीचं काय होतं, ते माझ्याएवढं त्या बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

माजिवड्याच्या नाक्यावर बाइक ट्रकांच्या मध्ये अडकली. काकूंचा फोन आला, "कधीची दार वाजवतेय, आतून आवाजच नाही रे." लॅचची एक चावी माझ्याकडे, दुसरी शाळेच्या निकालाच्या कामाला कल्याणला गेलेल्या माझ्या शिक्षिका बायकोकडे. "तोडा दार!" मी भर रस्त्यात ओरडलो. त्या म्हणाल्या, "वॉचमन प्रयत्न करतोय, पण सेफ्टी डोअर हलत नाही."

लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून दार उघडलं, मग खोलीचं दार ढकललं. इडलीपात्राचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. बाबा दारापाशीच, जमिनीवर, भिंतीला टेकून. बनियन चिंब, हातात फोन. त्यांनी मला ओळखलं नाही.

आम्ही त्यांना उचलून जिन्यापाशी आणलं, ओले टॉवेल गुंडाळले. वॉचमन पुठ्ठ्याने वारा घालत होता, काकू त्यांच्या नावाने हाका मारत होत्या आणि मी, हवेचा तज्ज्ञ, तेच टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवत होतो. मग हॉस्पिटल, सलाइन. वाचले.

तिसऱ्या दिवशी ते नीट बोलायला लागले. मी विचारलं, "बाबा, इतके फोन कशाला करत होतात?"

"दार उघडू का, ते विचारायला," ते म्हणाले. "न विचारता उघडलं की तू चिडतोस ना."

स्वतःच्या खोलीचं दार उघडायला माझ्या बापाला माझी परवानगी हवी होती, आणि ती मिळाली नाही म्हणून तो दाराला हात न लावता तिथेच बसून राहिला होता.