पासवर्ड बाबांकडे

चूक बाबांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत ऐकता येईल. लीड्सला एमबीए करताना आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असाइनमेंट्सपेक्षा किस्सेच जास्त साठले.

*

डिपार्टमेंटने सर्व्हे काढला : पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थी इंटरनेट कशासाठी वापरतात? पुण्याच्या समीरने ‘रिसर्च’वर टिक मारली. शेजारच्या विंडोत आईने पाठवलेले सात मुलींचे बायोडेटा उघडे.

“खोटं लिहितोयस!” मी म्हणालो.

“का? सातही वाचतोय की नीट!”

*

नागपूरच्या दीप्तीची आई वेबकॅमवर म्हणाली, “कॅमेरा जरा फिरव बघू.” दीप्तीने फिरवला. शेजारी आमचा ग्रीक वर्गमित्र.

“हा कोण गं?”

“ग्रुप प्रोजेक्ट आहे, आई.”

“मग बाकीचा ग्रुप कुठंय?”

*

माझं ईमेल अकाउंट मी निघायच्या आधी बाबांनीच उघडलेलं. पासवर्ड त्यांच्या डायरीत. रिटायर्ड माणूस, रोज नाशिकच्या सायबर कॅफेत जाऊन माझे मेल वाचायचा. युनिव्हर्सिटीचे मेलही तिथेच यायचे. एकदा लॅबमध्ये बसलो असताना फोन आला, “लायब्ररीचं पुस्तक परत कर, आज शेवटचा दिवस.”

लायब्ररी माझ्या खालच्या मजल्यावर!

समीर म्हणाला, “अरे, पासवर्ड बदल ना!” बदलला. संध्याकाळी बाबांचा फोन : “आईला चक्कर आलीय.” परत जुना ठेवला. चक्कर थांबली.

*

डिसर्टेशनच्या, म्हणजे प्रबंधाच्या, ऐन शेवटी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. घरी मुद्दाम कळवलं नाही; पुन्हा चक्कर नको. गाइडबाईंना समीरने सांगितलं. त्यांनी लगेच मेल केला : मुदतवाढ हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कळव.

मी वॉर्डात. मेल बाबांनी वाचला. माझ्या नावाने उत्तर दिलं : “मुदतवाढ नको. आमच्या घरात कुणी कधी मुदत चुकवलेली नाही.” आणि मला मोह नको म्हणून बाईंचा मेल डिलीट केला.

डिस्चार्ज मिळेपर्यंत मुदत उलटली होती. बाईंनी त्या उत्तराचा प्रिंटआउट पुढे ठेवला. मी म्हणालो, हे वडिलांनी लिहिलंय.

“म्हणजे पासवर्ड दुसऱ्याला दिलास? तो तर आणखी एक नियम मोडला.”

बाहेर येऊन नाशिकला फोन लावला. ऑपरेशन, मुदत, प्रिंटआउट, सगळं सांगितलं. मग बाबा म्हणाले,

“इंग्लिशमध्ये काही चूक काढली का रे त्यांनी?”

एमबीए झालं नाही.