सुमनताईंच्या काउंटरवरचा पुलर

सुमनताई गेल्या त्याला आता दीड महिना होईल. फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली आडवा होतो. त्यांच्या मुलीचा, वैदेहीचा नंबर दिसला, तेव्हा वाटलं, नवा माल आल्याचं कळवत असेल. ती एवढंच म्हणाली, "काका, आई सकाळी गेली… झोपेतच." मी बाहेर सरकलो, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि हातातला पाना कुठे ठेवायचा तेच सुचेना. तसं पाहिलं तर आमचं नातं काय? त्या शनिवार पेठेत पाने-पकडी अशा हत्यारांचं दुकान चालवणाऱ्या, मी कोथरूडला गॅरेज चालवणारा. पण चाळीस वर्षं त्या बाईंनी मला धाकात ठेवलं आणि मी राहिलो, आनंदाने राहिलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, कोथरूडला तेव्हा अजून शेतं होती. आमच्याच वावराच्या कडेला पत्र्याची शेड ठोकून मी गॅरेज काढलं होतं आणि वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्याकडे बिल्डर येऊन बसायचे. वर्षभरात धंदा उभा राहिला नाही तर शेडसकट जमीन देऊन टाकू, असं त्यांनी मला जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं होतं. मला घाई होती. दुकानात शिरलो आणि म्हणालो, "फोर्क हाय का, बॉल जॉइंट काढायचा?" काउंटरमागे चष्मा लावलेल्या, पस्तिशीच्या एक बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "जॉइंट टाकून देणार की परत बसवणार?" मी म्हणालो, तुम्हाला काय करायचंय, फोर्क द्या. त्यांनी वही मिटली. "मला काहीच करायचं नाही. करायचंय ते तुम्हाला. म्हणून विचारलं."

ज्यांचा गाडीशी संबंध पेट्रोलपुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. चाक जिथे गाडीला जोडलेलं असतं तिथे वाटीत गोळा बसवलेला एक सांधा असतो, तो बॉल जॉइंट. त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि वरून रबराची टोपी असते, तिला बूट म्हणतात. सांध्याची खुंटी समोरच्या भोकात अशी घट्ट रुतलेली असते की नट काढला तरी ती हलत नाही. ती सोडवायला फोर्क असतो, म्हणजे दोन पायांची पोलादी पाचर. मध्ये घालून हातोड्याने ठोकली की दोन घावांत काम होतं, पण बहुतेक वेळा बूट फाटतं. दुसरा पुलर. तो स्क्रूने हळूहळू दाब देतो, वेळ खातो, पण नीट लावला तर बुटाला धक्का लागत नाही. जॉइंट भंगारात जाणार असेल तर फोर्क खुशाल वापरा, चांगला असेल तर पुलरच. हे सगळं त्या दिवशी सुमनताईंनी मला दीड मिनिटात ऐकवलं. मग नट पूर्ण काढू नका, दोन आटे तसाच ठेवा, नाहीतर सुटताना सगळं अंगावर येईल, हेही वर. मी विचारलं, तुम्ही गाड्या खोलता का? "आयुष्यात एक चाक काढलेलं नाही. पण हत्यार परत घेऊन भांडायला येणारे सगळे माझ्याकडेच येतात. ऐकून ऐकून शिकले."

मी काय केलं? तोऱ्यात बाहेर पडलो आणि बोहरी आळीतल्या दुसऱ्या दुकानात जाऊन फोर्क घेतला. तिथे कोणी काही विचारलं नाही. महिनाभर माझं छान चाललं. मग एका निवृत्त हेडमास्तरांची गाडी आली. खालच्या आर्मचे, चाक धरणाऱ्या दांडीचे, रबरी बुश बदलायचे होते, म्हणजे जॉइंट सोडवून परत तोच बसवायचा. मला ठाऊक होतं की इथे फोर्क चालत नाही. पण संध्याकाळ होत आली होती आणि पुलर नव्हता. दोन घाव घातले. बूट टराटरा फाटलं. आता शहाण्या माणसाने काय करावं? मी भरपूर ग्रीस थापलं, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, बारीक तारेने आवळला, चाक चढवलं आणि गाडी हसतमुखाने परत दिली. हेडमास्तर म्हणाले, परवा पहाटे वरंधा घाटातून महाडला जायचंय, लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचंय.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका फेरीत काही होणार नाही, असं मी स्वतःला शंभरदा समजावलं, आणि कदाचित ते खरंही असेल. पण श्रावणातला घाट, चिखल, त्या फाटक्या बुटात जाणारं पाणी आणि मागच्या सीटवर ती पोरगी… दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनताईंच्या दुकानाशी पोचलो तर सव्वा वाजलेला. एक ते चार दुकान बंद, आणि पेठेतलं बंद म्हणजे बंदच. त्या दुकानावरच राहायच्या. गॅलरीतून डोकावून म्हणाल्या, चारला या. मी पायरीवर बसून राहिलो. भुरभुर पाऊस होता. थोड्या वेळाने त्या स्वतःच खाली आल्या, एका हाताला जेवणाचा वास, दुसऱ्या हातात किल्ल्या. शटर अर्धं वर केलं आणि विचारलं, "कोणाचं बूट फाडलंत?"

मी सगळं सांगितलं. सायकलच्या ट्यूबसकट.  त्यांनी आत जाऊन पुलर आणला, मग सुट्या वस्तूंचा एक डबा काढला आणि त्यात दहा मिनिटं उचकापाचक करून मापाचं एक रबरी बूट शोधलं. दोन्ही काउंटरवर ठेवली आणि त्यांवर हात ठेवला. आधी मालकांना जाऊन सांगायचं, मग गाडी खोलायची. काहीतरी कारण काढून गाडी आणणार आणि गुपचूप बदलणार असाल तर हे इथेच राहू दे, म्हणाल्या. मी गयावया केली. माणूस शिक्षक, चार लोकांत बोलणार, माझी शेड जाईल, वडील टपूनच बसलेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाईल. तेही होऊ शकतं. पण लपवलंत तर यापुढे प्रत्येक गाडीखाली शिरताना तुम्हाला हीच गाडी दिसेल." आणि मग त्यांनी सांगितलं की दुकान नवीन असताना त्यांनी एका मिस्त्र्याला काही न विचारता फोर्क दिला होता. त्याचा असाच जॉइंट गेला आणि गॅरेजच्या मालकाने त्याला कामावरून काढलं. तो येऊन खूप बोलला. "माझी चूक एवढीच की मी विचारलं नाही. तेव्हापासून विचारते. लोकांना राग येतो. येऊ दे."

हेडमास्तरांच्या दारात उभं राहून बोलताना माझी बोबडी वळली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, आज होईल का? मी हो म्हणालो. ते गाडीबरोबर आले आणि स्टुलावर बसून अख्खं काम बघत राहिले. पुलर लावला, स्क्रू आवळला. काहीच होईना. अजून आवळला, थांबलो. मग एकदम ठाक्‌कन आवाज झाला आणि खुंटी सुटली. नवं बूट, नवं ग्रीस. ते महाडला गेले, लेक सुखरूप घरी आली, मुलगा झाला. मिठाई आली नाही, गाडीही पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. पुढे ती मला दुसऱ्या गॅरेजसमोर दिसली.

मी तणतणत सुमनताईंकडे गेलो. म्हटलं, तुमचं ऐकलं आणि गिऱ्हाईक गेलं. वाटलं, आता काहीतरी समजावतील.  तोवर मी त्यांच्यासाठी 'अहो, कोथरूडवाले' होतो. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "दत्ता, जेवलास का? वर चल." वरण-भात वाढला. मी खाली मान घालून जेवलो आणि घास गिळता गिळता डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. शेड गेली नाही. कशी टिकली ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण टिकली.

मग वर्षं गेली. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हाही दुकान एक दिवस बंद नव्हतं. वैदेही शिकली, दुकानात बसायला लागली. ताई सत्तरीच्या झाल्या तेव्हा एकदा बोलता बोलता लक्षात आलं की या बाईने आयुष्यभर पुलर विकले, पण जॉइंट सुटताना कधी पाहिलेला नाही. मी त्यांना रिक्षाने गॅरेजवर आणलं. खुर्ची दिली, पंखा लावला. त्या पदर सावरून, जरा पुढे वाकून बसल्या. ठाक्‌कन आवाज झाला तशा खुर्चीतून उडाल्याच, आणि मग कितीतरी वेळ हसत राहिल्या. "एवढा आवाज होतो होय रे? हे मला कोणी सांगितलंच नाही." खरंच होतं. काम नीट झाल्याची तक्रार घेऊन त्यांच्याकडे कोण जाणार होतं?

हेडमास्तरांच्या प्रकरणानंतर माझ्याकडून काही तुटलं, फाटलं की मी मालकाला आधी सांगत आलो. काही थांबले, बरेच गेले. आणि सांगून झालं की ताईंना फोन करायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "सांगितलंस?" हो. "बरं." आणि फोन ठेवायच्या. शाबासकी त्यांनी मला एकदाही दिली नाही. मला मात्र त्या 'बरं'शिवाय तो दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही.

मागच्या आठवड्यात एका आयटीवाल्या मुलाच्या गाडीचं काम करताना माझ्या हातून ब्रेकची नळी दुखावली. वय झालं, हात पूर्वीसारखा राहिला नाही. बदलून टाकली असती तर त्याला कळलंही नसतं. मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काका, काम झालं की गाडी घेऊन जातो, पुढच्या वेळी बघू. म्हणजे गेलाच. मी सवयीने शनिवार पेठेतला दुकानाचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजली तेव्हा भानावर आलो. वैदेहीने उचलला. मी म्हणालो, काही नाही गं, चुकून लागला, आणि ठेवणार इतक्यात ती म्हणाली,

"काका, आज काय तुटलं?"

मी थक्क झालो. तिला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आई तुमचा फोन ठेवला की दर वेळी आम्हाला सांगायची, दत्ताने आजही सांगितलं. म्हणायची आणि मग दिवसभर खुशीत असायची…  मग मी सांगितलं, ब्रेकची नळी, तो मुलगा, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सांगितलंत त्यांना?"

"हो."

"बरं," वैदेही म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही. मी गाडीला टेकून रडत होतो, आणि माझं रडणं थांबेपर्यंत ती पलीकडे तशीच फोन धरून होती.