नामाची हाळी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहाचे कप विसळायला जाते. पहिल्यापासून असंच. बीडला एका शाळेत आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते, त्यामुळे असलं काही ऐकलं की आधी हसू येतं. आज मीच लिहायला बसलेय तर थोडी लाज वाटतेय... पण जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलंय. हसायचं असेल तर जरूर हसा, फक्त पूर्ण वाचून हसा.

आमचं गाव पालीच्या पुढं, धरणाच्या अंगाला. दिवाळी झाली की आई-आबा ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ नामदेव – नामा – मागं चुलतीकडे. चुलती वाईट नव्हती, पण तिला तिचीच पोरं पुरेशी होती. जाण्याआधी आबा तुकडाभर रानात ज्वारी पेरून जायचे आणि कणसं भरली की पाखरं राखायचं काम आमच्याकडे. सकाळी शाळेआधी, आणि रविवारी दिवसभर. रानाच्या दोन टोकांना लाकडं रोवून दोन माळे बांधलेले. एकावर मी, एकावर तो, हातात गोफण. मध्ये डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, त्यामुळे एकमेकांचा फक्त आवाज यायचा.

हाळी सगळेच राखणदार देतात, पण नामाची न्यारी. आधी लांब "होऽऽ", मग मध्येच आवाज फाटायचा, आणि शेवटी "आक्काऽऽ". दुसऱ्यानं लगेच ओ द्यायची हा आमचा नियम. म्हणजे, आहे मी इथे, घाबरू नको. तो दिवसभर उगीचच हाळ्या द्यायचा. मी वैतागून विचारायचे, आता काय झालं? तर म्हणायचा, "काय न्हाई. हायस का बघितलं."

आई जवळ नव्हती, अंगावर धड स्वेटर नव्हता, पण त्या रानात आम्ही दोघं राजे होतो. चोरून भाजलेल्या त्या हुरड्याची चव मला पुढं कुठल्याच हुरडा पार्टीत सापडली नाही.

दहावीनंतर नामानं शाळा सोडली. आबांचे गुडघे गेले होते, कोयता त्यानं हातात घेतला. मला म्हणाला, तू शीक, मला पुस्तकात गोडी नाही. गोडी होती. हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

गेल्या हंगामात तो आणि त्याची बायको सुनीता सांगलीकडे तोडीला गेले होते, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहात होते. शाळेची मधली सुट्टी. मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेले, समोर शबाना मॅडम मुलीच्या लग्नाची खरेदी रंगवून सांगत होत्या. मैदानावर पोरांचा नेहमीचा कालवा. आणि त्या कालव्यातून... "होऽऽ"... मध्येच फाटलेला आवाज... "आक्काऽऽ".

माझ्या तोंडून ओ निघूनच गेली. चांगली मोठ्यानं. शबाना मॅडमच्या हातातला घास खाली पडला. त्यांना विचारलं, काही ऐकू आलं का? त्या म्हणाल्या, तुमचंच ओरडणं ऐकलं. खिडकीशी जाऊन पाहिलं, तर पोरं कबड्डी खेळत होती. परत येऊन बसले, आणि पुन्हा तीच हाळी. या वेळी आवाजात रडं होतं. लहानपणी त्याला विंचू चावला तेव्हा त्यानं अशीच हाळी दिली होती.

नामाला फोन लावला, नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला, तेच. नवरा-बायकोत तो एकच फोन. मग टोळीच्या मुकादमाला लावला. मुकादम माजलगावकडचे, ओळखीचे. ते म्हणाले, आम्ही सगळे फडात ऊस तोडतोय, नामा आज अंग दुखतंय म्हणून कोपीवरच थांबलाय, झोपला असेल. आता यांना काय सांगू? बीडला बसून हाळी ऐकली म्हणून? मी सरळ खोटं बोलले.

"त्याचा फोन आलता मला. काहीतरी झालंय त्याला. सुनीताला आत्ताच्या आत्ता कोपीवर पाठवा."

सुनीता धावत गेली. नामा कोपीच्या मागं पडला होता. बैलांना वाढे, उसाचे हिरवे शेंडे, टाकायला उठला होता, त्या वाढ्यांच्या ढिगात घोणस होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला. ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. वॉर्डाच्या बाहेर मुकादम बसले होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, येक इचारू का? नामानं फोन कशावरून केलता? फोन तर दिसभर सुनीताच्या गाठोड्यात व्हता, फडात."

मग सांगितलं, की फोन नव्हता, हाळी ऐकली. मी ओ दिल्याचं मात्र बोलले नाही, ते फारच वेडेपणाचं वाटलं असतं. मुकादम हसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून बराच वेळ हातात धरून बसले.

पुढं मी माझ्या परीनं सगळं तपासून पाहिलं. मैदानावरच्या पोरांना विचारलं, त्यांच्यापैकी कुणीच तशी हाळी दिली नव्हती. मनातल्या काळजीनं भास झाला असेल म्हणावं, तर त्या दिवशी कसलीच काळजी नव्हती, उलट आदल्या रात्रीच त्याच्याशी हसतखेळत बोलणं झालं होतं. भास म्हणून मी तेव्हाच सोडूनही दिलं असतं... पण नामा बोलायला लागला त्या दिवशीचं काय करू?

सुनीता त्याला भाताची पेज भरवत होती. हाळीचं तिला मुकादमांकडून कळलं होतं. हसत हसतच, पण जरा लागल्यासारखं म्हणाली, "मी तितंच फडात, आन् हाळी दिली आक्काला. माझं नाव कावून आलं न्हाई तोंडात?"

नामा ओशाळला. "मला वाटलं, ज्वारीतच हाव मी. तवा दुसरं कोन व्हतं आमाला?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "लई भ्यालतो आक्का. पर तू ओ दिलीस की. मग पडून ऱ्हायलो गप. म्हणलं, आता येतीया."

याचा उलगडा मला अजून झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. त्या वेळी मात्र मी त्याचा सुजलेला पाय धरून, भरल्या वॉर्डात, मोठ्यानं रडले.