लादीच्या बिलावरची कराची ओळ

माझा मुलगा लादी बसवतो आणि त्याची बिलं मी लिहिते. शिकले चौथीपर्यंतच, पण अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे. जीएसटीत त्याने छोट्या धंद्यांसाठीची कंपोझिशन योजना घेतली, कारण त्यात कागद कमी. थोडा कर आपल्या खिशातून भरायचा आणि गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही. यातलं दुसरं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पवईच्या एका ऑफिसात त्याने एक मजला केला. पुढचे दोन मजलेही मिळणार होते, म्हणजे पावसाळाभर काम. बिल नीट दिसावं म्हणून मी लादीच्या दुकानाचं बिल समोर ठेवलं आणि त्यात होती तशी कराची ओळ खाली घातली. ऑफिसने सगळे पैसे दिले. मालाडच्या कर सल्लागाराने ते बिल बघून कपाळाला हात लावला.

"आजी, हा कर तुम्हाला घेताच येत नाही. परत करा."

मुलगा म्हणाला, "आई, वाट लावलीस ना!"

"मग पुढचं तूच लिही रे."

त्याने बिलबुक परत माझ्याकडेच सरकवलं.

कराचे पैसे परत करायला पवईला मीच गेले. तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "आम्हाला कर लावलेलंच बिल लागतं, आजी. तो कर आम्हाला आमच्या करातून वजा करता येतो. पुढचे मजले दुसऱ्याला द्यावे लागतील."

आता मुलगा लोकांच्या घरातल्या मोऱ्या करतो. तिथे तसलं बिल कुणी मागत नाही. तरी नवं बिलबुक आलं की मी आधी प्रत्येक पानावर लिहून ठेवते, कर घेण्याचा अधिकार नाही. शंभर पानं होईपर्यंत बोटं दुखतात.