कोरी पातेली

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं सगळं सांगते — हे वगळून. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणूनच तुम्हाला सांगवेल, असं वाटतं.

हैदराबादेत, जामबागेत आम्ही भाड्यानं राहायचो. मालकीण सुशीलम्मा वरच्या मजल्यावर. खाली पुढचा पोर्शन आमचा, आणि मागचा — दोन खोल्या, मोरी, तुळशीपुरतं अंगण — रिकामा झालेला. तेव्हा शहर कसं फुगत होतं म्हणून सांगू! बाहेरून कॉम्प्युटरवाली पोरं येत होती, जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती. ‘टू-लेट’ची पाटी सकाळी लागली की दुपारी उतरायची.

सुमतीचं घर असंच पाडायला निघालं. ती आमच्याच नांदेडकडची, मला अक्का म्हणायची. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. मुलगी दहावीला, शाळा आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मागचा पोर्शन तुलाच मिळेल, मी आहे ना — असं तिला कोण म्हणालं होतं? मीच.

सुशीलम्मांचा एक नियम होता. भाड्याच्या तिप्पट पगार हवा. भाडं बाराशे. कागदबिगद त्या बघत नसत. जुन्या भाडेकरणीनं शब्द दिला की झालं. आम्हीसुद्धा असेच कुणाच्या तरी शब्दावर त्या घरात शिरलो होतो.

एका दुपारी सुमती धापा टाकत आली. नवऱ्याला बेगम बाजारात एका किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्याचं काम लागलं होतं. छत्तीसशे! “बारा त्रिक छत्तीस, अक्का. एक रुपया इकडं नाही न् तिकडं नाही!” म्हणून खळखळून हसली. तिकडूनच एक पितळेची पातेली घेऊन आली होती. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं ना, त्यासाठी. इथल्या तेलुगू शेजारणींचं बघून आम्हीही घालतो. बसच्या गर्दीत पातेलीचा काठ जरासा चेपला होता. “नाव नाही घातलं. घरात पाऊल पडू द्या, मग घालू. तोवर तुमच्याकडंच राहू द्या.”

मी ती फळीवर ठेवली.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. जावई पुण्याचा, पगार बावीस हजार, नोकरी हैदराबादेत. आणि माझ्या मनात आलं — लेक मागच्या दाराशी राहिली तर? आईच्या मनात येतंच असं. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला कशाला बसले असते?

सुशीलम्मा कढीपत्ता मागायला खाली आल्या. जाता जाता म्हणाल्या, “क्या अम्मा, वो सुमती के घरवाले का तनखा बराबर है ना? तुम बोले तो बस.”

मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही. “क्या बोलूं अम्मा — फॅक्टरी तो बंद पडी उनकी.”

खोटं होतं का? नव्हतं. कारखाना बंदच होता. नवी नोकरी तेवढी मी गिळली. आणि वर एक सुस्कारा सोडला — अगदी वाईट वाटल्यासारखा. तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो.

नकार मिळाल्यावर सुमती माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली. मी चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “मी खूप सांगून पाहिलं गं.” हे मात्र साफ खोटं. आणि तिनं काय करावं? माझ्या पाया पडली.

ते लोक शहराच्या पार टोकाला, उप्पलच्याही पुढे गेले. शाळेला दोन बस. पोरगी दहावीला गणितात गेली, पुन्हा बसलीच नाही. पापड लाटायला लागली. हुशार होती हो. माझ्याच ओट्यावर बसून अभ्यास करायची.

सुशीलम्मांनी माझ्या शब्दाखातर, लेकीसाठी म्हणून, मागचा पोर्शन दोन महिने कुणाला दिला नाही. लेकीनं एकदाच दारातून आत बघितलं आणि नाक मुरडलं. लिफ्टचा फ्लॅट घेतला त्यांनी, अमीरपेटला.

तिथं दूध उतू घालायचं, तर नवं भांडं आणायचं राहून गेलेलं. फळीवर एक कोरी पातेली होती. सुमती एवढ्या लांबून कुठली येतेय, असं धरून चालले होते मी.

ती आली. दोन बस बदलून, खणाचा तुकडा आणि घरचे पापड घेऊन. दूध पूर्वेला उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लेक हसत म्हणाली, “आई तर आम्हाला जामबागेच्या त्या मागच्या पोर्शनमध्ये कोंडणार होती! दोन महिने अडवून ठेवला होता तिनं!”

सगळे हसले. सुमती गॅसपाशी उभी होती. तिनं पातेलीकडं पाहिलं. पदरानं धरून ती खाली उतरवली आणि चेपलेल्या काठावरून एकदाच अंगठा फिरवला.

“चांगलं उतू गेलं, अक्का,” म्हणाली.

जेवली. बस चुकेल म्हणून लवकर निघाली. पातेली मागितली नाही. पुन्हा कधी आली नाही, आणि मीही उप्पलच्या बसमध्ये कधी चढले नाही.

पातेलीवर अजून नाव नाही. लेक रोज तिच्यात दूध तापवते. तिच्याकडे गेले की त्याच दुधाचा चहा ती माझ्यापुढे ठेवते, आणि मी तो पिते.