तळपायावरचं फूल

रोज सकाळी सात वाजता माझ्या फोनवर दोन फोटो येतात, बाबांच्या डाव्या आणि उजव्या तळपायाचे. बाबा अकोल्याला, मी अमरावतीला. आपल्याच तळपायाचा फोटो आपणच काढणं सोपं नाही. कधी त्यात अर्धी टाच येते आणि बाकी सगळी फरशी, कधी पंख्यानं उडणारं कॅलेंडर. मी फोटो बोटांनी मोठा करून अंगठ्यापासून टाचेपर्यंत बघते आणि मगच चहा टाकते. सात वाजून पाच मिनिटं झाली तरी फोटो नाही आला, तर मी फोन हातात घेऊन बसते. सव्वासातला मी फोन करतेच.

"अंघोळीले गेलो होतो वं माय," ते म्हणतात. "जरा दम धरत जाय."

दम धरणं माझ्या स्वभावात नाही. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते. कुलूप तीनदा ओढते. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून वीस वर्षं झाली, तरी पाकीट चिकटवल्यावर आत पत्र घातलं होतं ना, या शंकेनं एखादं पाकीट पुन्हा फोडतेच. सोबतचे हसतात. हसू देत.

चामड्याचं काम मी शिकले ते या स्वभावावर उतारा म्हणून. फोनवर एक माणूस पाकीट शिवताना दिसला आणि मी बघतच राहिले. एक लांब, मेण लावलेला नायलॉनचा दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. नक्षी काढायची तर चामडं स्पंजानं ओलं करायचं, त्याचा मूळ रंग परत यायला लागला की ठसा धरून लाकडी हातोडीनं ठोकायचं. उठलेला ठसा पुसता येत नाही. खरं तर माझ्यासारखीनं या वाटेला जाऊच नये. पण हात असे गुंतले की डोकं गप्प बसायचं. रविवारी दुपारी दोन तास मला गॅस आठवत नसे.

मी पाकिटं केली, किल्ल्यांचे पट्टे केले, चष्म्यांची घरं केली. पुढे पुढे नातेवाईक मला बघून आपला चष्मा लपवायला लागले. मग मी ठरवलं, बाबांना चपला करायच्या.

बाबा मोजणी खात्यात होते. सगळी नोकरी शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं चालण्यात गेली. आई गेल्यापासून अकोल्यात एकटे राहतात, अमरावतीला राहायला यायचं नाव काढत नाहीत, आणि सकाळचं चालणं सोडत नाहीत. त्यांना साखर आहे हे मला माहीत होतं. त्या बाबतीत मी पोलिसासारखी वागत असे. गोळ्यांची पाकिटं तपासायची, लपवलेले पेढे शोधून काढायचे. पाय तपासावेत हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी ज्यांच्याकडून चामडं घेते ते चाचा स्वतः चपला करतात. त्यांचं अमरावतीच्या बाजारात छोटंसं दुकान आहे. ते म्हणाले होते, "वडिलांसाठी ना? मंग त्याईले एकदा घेऊन या. पाय पाहू द्या." मी हो म्हटलं आणि बाबांच्या जुन्या चपलेवरूनच माप काढलं. त्यावर अंगठ्याच्या चपला कापल्या. पाय जिथे टेकतो त्या तळावर मी कपाशीचं फूल काढलं, पाच पाकळ्यांचं, बाजूला पानं. आजूबाजूचं चामडं ठोकून खाली दाबलं, म्हणजे फूल उठून दिसेल. दारात काढून ठेवलेली चप्पल बघणाऱ्याला तळच दिसतो ना! मी दारातल्या चपलेचाच विचार केला होता. पायातल्या चपलेचा केलाच नाही.

दोऱ्याचं शेवटचं टोक खाली सोडलं असतं तर जमिनीवर घासून सुटलं असतं. म्हणून मी ते वरच्या बाजूला, अंगठ्याजवळ काढलं आणि काडीनं जाळून दाबलं. मोहरीएवढा टणक मणी झाला. माझ्या नखाला तो लागला होता. वापरून बसेल, असं मला वाटलं.

एका रविवारी अकोल्याला नेऊन दिल्या. बाबांनी चपला घातल्या, खोलीत दोन चकरा मारल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"लई मऊ हायेत वं," ते म्हणाले. "लोण्यावानी."

परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

पुढच्या रविवारी गेले तर बाबांनी पाय वर करून दाखवला. तळपायावर फूल उमटलं होतं, पाकळी न् पाकळी, पानाच्या शिरांसकट. त्यांनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवून झालं होतं. "पोरीनं पायावर फूल काढून देल्लं," म्हणे. मी फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. चामड्यावरची नक्षी माणसाच्या पायात इतकी खोल रुतावी आणि त्या माणसाला काहीच वाटू नये, हे कसं, असं कोणी विचारलं नाही. ज्या बाईला पाकिटातल्या पत्राची शंका येते, तिलाही आली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दार उघडून आत गेले तर फरशीवर लालसर डाग होते. न्हाणीपासून पलंगापर्यंत, एक पाऊल सोडून एक. बाबा पेपर वाचत मजेत बसले होते. मी त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या, आत ओलं, आणि वास.

"कुठं? मले तं काई नाई झालं," ते म्हणाले. मी जखमेच्या बाजूला दाबलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला लावले. "पायाला काही लागलं की हो म्हणा." त्यांच्या हातात नायलॉनचा एक बारीक दोरा होता, मी शिवते त्याहून थोडासाच ताठ. त्यांनी तो टाचेला टेकवला. बाबा गप्प. चवड्याला टेकवला. गप्प. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि ते काहीतरी लिहायला लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "हो." थोड्या वेळानं पुन्हा, जरा जोरात, "हो, लागलं." शाळेत उत्तर येत नसलेल्या मुलासारखे ते अंदाज लावत होते. मी बाहेर व्हरांड्यात आले.

डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "जखम हाडापर्यंत गेली नसेल तर भरेल. गेली असेल, तर अंगठा काढावा लागेल. पंधरा दिवस बघू."

ते पंधरा दिवस मी अकोल्यात रजा टाकून काढले. रोज सकाळी ड्रेसिंग. पट्टी सुटेपर्यंत मी डोळे मिटून घेत असे. अंगठा गेला तर तो माझ्या हातानं गेला, मोठ्या हौशीनं शिवून आणि नक्षी काढून, हे एकच डोक्यात चालू असायचं. एकदा पट्टी बांधता बांधता मी विचारलं, "बाबा, खरं सांगा. कधीपासून समजत नाई पायाले?"

"दोन वर्सं झाले असतीन."

"मंग मऊ हायेत असं कावून म्हटलं तुमी?"

"तू केवढ्या आशेनं पाहून राहिली होती," ते म्हणाले.

जखम भरली. अंगठा राहिला. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून रडले. बाबा ओशाळून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगत होते, "काई नाई, खुशीनं रडून राहिली."

अमरावतीला आल्यावर ती चप्पल घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी फुलाकडे बघितलंही नाही. बाही वर सारली, मनगट उलटं केलं आणि मनगटाची आतली नाजूक बाजू चपलेच्या तळावरून हळूहळू फिरवली. अंगठ्याजवळ हात थांबला. "हे वरतून कावून जाळलं, बाई?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आमी एक बी जोडी असा हात फिरवल्याबिगर देत नाई," एवढंच म्हणाले.

हातोडी, ठसे, आऱ्या मी पिशवीत बांधून पलंगाखाली ढकलल्या. दुकानातून मऊ बूट आणून दिले ते बाबा घालत नव्हते. "तू शिवशीन तेच घालतो," हा एकच हेका. चार महिने मी नाही म्हटलं. मग एक दिवस ते अनवाणीच गच्चीवर जाऊन आले, अकोल्याच्या उन्हात, आणि हे मला फोनवर गमतीनं सांगितलं. त्याच संध्याकाळी मी पिशवी सोडली.

या वेळी बाबांना आधी अमरावतीला आणून, चाचांसमोर बसवून पायाचं माप घेतलं. मागून पट्टा असलेली सँडल, चपलेसारखा अंगठा नाही. डॉक्टरांनी सांगितलेला जाड मऊ तळ. टाके सगळे दोन थरांच्या मध्ये. वर कोरं चामडं, एक रेघही नाही. डॉक्टरांना दाखवून आणली. तरी द्यायच्या दिवशी बसमध्ये सँडल पिशवीतून चारदा बाहेर काढून झाली होती.

बाबांनी पाय आत सरकवला. मी पट्टा लावला. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "कशी लागते?"

विचारलं आणि जीभ चावली. आता ते लोण्यावानी म्हणणार, आणि मी काय करणार! बाबा वाकले, पट्टा सोडला, पाय बाहेर काढला आणि सँडल माझ्या पुढ्यात सारली.

"मले नाई समजत आता," ते म्हणाले. "तूच पाहून सांग."

मी बांगड्या वर सारल्या, मनगट उलटं केलं आणि हात आत घातला.