पाय लटपटत असताना गायलेलं गाणं

दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून तिची बरीच वर्षं गेली होती. खुर्चीत बसल्या बसल्या घाम फुटणारी भलीभली माणसं तिने सांभाळली होती. हत्यारांचा ट्रे नजरेआड ठेवायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचं, हे तिला छान जमायचं. पण स्वतः स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की तिच्या हातापायातलं बळच जायचं.

गळा मात्र असा, की ती आत हत्यारं धुताना गुणगुणू लागली की बाहेर ताटकळलेले पेशंट नंबर विचारायचं विसरत. नणंदेच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये ती मागच्या रांगेत सुखाने गायची. एकदा नणंदेने आग्रहाने तिला एकटीचं गाणं दिलं. पेटीवाल्याने सुरुवातीचे सूर वाजवले, पुन्हा वाजवले, तिसऱ्यांदाही वाजवले. हिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी लोकांना नमस्कार करून ती आत निघून गेली. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

यंदा ऐन कार्यक्रमात मुख्य गायिकेचा घसा बसला. नणंद विंगेत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वहिनी, शेवटचं गाणं तुला पाठ आहे."

"ताई, मागच्या वेळचं विसरलात का?"

"नाही विसरले. तरी विचारतेय."

"बघते," म्हणाली खरी, पण जागची हलली नाही. लांब श्वास घेऊन झाला, समोर कुणीच नाही अशी कल्पना करून झाली. नवरा पाणी घेऊन आला.

"घरी जाऊया का? ताईला मी सांगतो." तो मनापासून विचारत होता, स्कूटरची किल्ली हातातच होती.

"पाय लटपटायचे थांबतच नाहीत हो."

"दवाखान्यात कुणी असं घाबरलं की काय सांगतेस?"

"सांगते, घाबरा खुशाल, फक्त तोंड उघडं ठेवा."

बोलून गेली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. नवराही हसला. भीती गेली की गाईन, असं ती इतके दिवस स्वतःला बजावत आली होती. आता ती भीतीसकट स्टेजकडे निघाली.

माइकचा दांडा धरला तर तोही खडखडू लागला. तिने तो सोडला आणि स्वतःचंच मनगट घट्ट धरलं. पहिली ओळ दोऱ्यासारखी बारीक निघाली. दुसरीला सूर लागला. मग पेटीवाल्याने मान डोलावली आणि तिचा गळा मोकळा झाला. दुसरं कडवं आठवेना, तेव्हा तिने पहिलंच पुन्हा गायलं, तेही असं ठासून, की ते मुद्दामच वाटावं. नणंदेने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती.

टाळ्या थांबल्या तेव्हा ती विंगेतल्या एका खोक्यावर मटकन बसली होती. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि पोटात नुसते कावळे ओरडत होते. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"वहिनी, दुसरं कडवं कुठे गेलं?" नणंदेने विचारलं.

"पुढच्या वेळी गाईन," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. शब्द मागे घ्यावासा मात्र वाटला नाही. "आधी मला काहीतरी खायला द्या."